कर्ता

लारेडो, टेक्सस. कोर्टाचा तिसरा मजला. एसी इतका गार
की सात नंबरच्या ज्युरीबाईंनी स्वेटरवर स्वेटर चढवलाय.

मी दुभाषी. शपथ घेतलीय:
पदरचं घालणार नाही, तिचं गाळणार नाही.
ती ‘मी’ म्हणाली की मीही ‘मी’ म्हणते.
सकाळपासून तीनदा म्हणाले,
मला माहीत नव्हतं.

एउलालिया बेरोंदो. टायरच्या दुकानामागे तिची चूल.
ट्रकवाल्यांना तामाले, घेवडा, उधारीवर कॉफी.
वहीत एक ओळ: ‘फेर्मीन, ४०.’
सरकारी वकील म्हणतो, पुडे.
ती म्हणते, तामाले, आणि पैसे अजून दिले नाहीत मेल्यानं.
(‘मेल्यानं’ला इंग्रजी शब्द शोधण्यात माझे दोन सेकंद गेले.)

फेर्मीन साक्षीदाराच्या खुर्चीत. त्याची शिक्षा निम्मी होणार आहे.
तिच्याकडे न बघता बोलतो:
सगळ्यांना ठाऊक होतं.
सगळ्यांत कोण कोण?
तो बोटं मोडू लागतो. करंगळीपासून. अंगठ्यापाशी थांबतो.

न्यायाधीश ज्युरीला समजावतात:
ठाऊक असणं म्हणजे सामील असणं नव्हे.
जवळ उभं राहणं नव्हे. जेवू घालणं नव्हे.
पण करार कागदावरच व्हावा असं नाही,
तोंडानंही नाही.
मी हे तिच्या कानात पुटपुटते,
नव्हे, नव्हे, पण.
तिच्या मानेवरून कळतं, तिला फक्त ‘पण’ ऐकू आलं.

मग ती टेप. त्रेसष्ट कॉलांपैकी एकोणिसावा.
मागे कढईचा चरचराट, आणि तिचा आवाज:
उद्या पहाटे निघू.

कर्ता नाही.
क्रियापदाच्या शेपटीला लोंबकळणारी माणसं,
किती, ते ऐकू येत नाही.
इंग्रजीला मात्र कर्ता लागतोच.
मी ‘वी’ म्हटलं.
स्टेनोनं टाइप केलं. बाराजणांनी टिपून घेतलं.
ती आणि तिची बहीण, पहाटेच्या प्रार्थनेला निघालेल्या?
की ती आणि फोनवरचा तो?
आम्ही की आपण,
एवढं त्या शब्दात मावत नाही.
कुणी विचारलं नाही.
मला विचारायची मुभा नाही.

साडेचारला ज्युरी आत गेली. खुर्च्या अजून हलतायत.
ती माझ्या बाहीला बोट लावते:
आता आपण काय करायचं?

उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे.
मी वकिलाकडे वळते
आणि पदरचं काही न घालता, तिचं काही न गाळता
तिचा प्रश्न इंग्रजीत सांगते.

पुन्हा ‘वी’.