न विचारणाऱ्यांसाठी

औलूमधला फेब्रुवारी. दुपारी चारलाच
खिडकीत निळा अंधार,
आणि केर्टूच्या पडद्यावर शेवटची ओळ:
४,८१२ नोंदी हरवल्या.

बाकी सगळं आहे.
कुठली प्रोसेस केव्हा जागी झाली,
कोणी कुलूप धरलं, कोण ताटकळलं,
सारं मायक्रोसेकंदाला धरून.
नाही फक्त तो क्षण
ज्या क्षणी यंत्र गोठलं.
हरवतं ते नेमकं तेवढंच.

रहाटगाडगंच हे. वरचं गाडगं
रितं व्हायच्या आत परत बुडलं
की जुनं पाणी गेलं.
तिला ठरवायचंय, गाडगी किती,
जेव्हा कोणीच काही सांगितलं नसेल तेव्हा.

आठ मेगाबाइट, तिनं लिहिलं. दर कोअरला.
मग तळघरातलं धूड आठवलं, एकशे ब्याण्णव कोअरचं:
दीड गिगाबाइट, नुसतं कान देऊन बसायला!
आणि हाइलुओतो बेटावरची ती डबी, वारा मोजणारी,
तिची सगळी मेमरीच चौसष्ट.
सोळा आपण घेतले तर ती वारा कशात मोजणार?
खोडलं.
एक लिहिलं. तेही खोडलं.

आर्मासनं दोन्ही हातांनी गोल करून दाखवला:
"मासेमारीला बर्फात भोक पाडतो ना, एवढं.
मासा वर यावा, माणूस खाली जाऊ नये."
"पण बर्फ किती जाड, मासा केवढा,
मला कुठे माहीत आहे?"
"मलाही नसतं," म्हणाला,
नि कॉफी ओतायला गेला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण जिला अंथरूणच शिवायचंय,
न पाहिलेल्या पायांसाठी?

जाणते आकडा बदलून घेतात.
हा त्यांचा नाहीच.
हा त्या कुणाचा, जो रात्री तीनला
मेलेल्या सर्व्हरपुढे
पहिल्यांदाच हे हत्यार उचलेल
आणि काही न वाचता एंटर दाबेल.

सात वाजता तिनं लिहिलं:
मेमरीचा शंभरावा हिस्सा, कोअरांत वाटून,
कुणालाही दोनच्या वर नाही.
खाली आणखी एक:
भरून वाहिलं तर गप्प बसू नकोस.
किती गेलं ते आधी सांग,
मग उरलेलं दाखव.

कुठेतरी चुकेलच हे.

बाहेर सायकलच्या कुलुपात बर्फ शिरलेला.
हातमोजा काढून ती फुंकर घालत राहिली,
किती वेळ, मोजलं नाही.