रंग वाळायच्या आत

अक्षराला बारा रुपये, कानडी असो की मराठी.
जोडाक्षर एकच धरतो,
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
निपाणीत मुरगूड रोडपासून अकोळ रोडपर्यंत
निम्म्या पाट्या माझ्या हातच्या,
खाली उजव्या कोपऱ्यात बारीक: यल्लू.

त्या सकाळी मगदूम स्वतः आले,
स्कूटरवर पायाशी पत्रा उभा धरून.
"दोन्ही भाषांत लिही.
खासगी जागा. गाडी लावू नये.
लावल्यास उचलून नेली जाईल, खर्च गाडीवाल्याचा."
मग अर्धा चहा बशीत तसाच ठेवून,
"जुनी दिसली पाहिजे बघ, यल्लाप्पा.
दोन-तीन पावसाळे खाल्लेली."

मी काही विचारलं नाही.
रात्री अडीचला अख्ख्या गल्लीनं क्रेनची साखळी ऐकली होती.
तंबाखूच्या बंद वखारीमागून
दहा चाकी गाडी निघाली,
पुढची चाकं अधांतरी, मागची खडीवर घासत.
कुत्री आधी भुंकली, मग गप्प झाली.

पांढऱ्यात चिमूटभर काजळी. रॉकेल जरा जास्त.
कडांना विटेची भुकटी,
खिळ्यांच्या भोकांना मिठाचं पाणी,
म्हणजे गंज लवकर धरतो.
चोवीस वर्षं पाटी नवी दिसावी म्हणून मान मोडली,
जुनी करायला पाऊण तास पुरला.
कोपऱ्यात नाव टाकलं नाही.

तोवर हायवेच्या यार्डात दस्तगीर नदाफ
बसगोंडाच्या टेबलापुढं उभा.
क्रेनचे अठरा हजार, वर दिवसाचं भाडं.
पावती कानडीत, भांडण मराठीत, शिव्या दोन्हीत.
गाडीत संकेश्वरी मिरची, पहाटे कोल्हापुरात पोचायची होती.
ताडपत्री फाटून खकाणा सुटलेला,
यार्डाचा वॉचमन शिंकतोय,
बसगोंडा शिंकत शिंकत आकडे मांडतोय.
"चार वर्षं तिथंच लावतोय की वो!
थोरल्या मगदूमांनीच सांगितलेलं,
लाव बाबा, वखारीची राखण हुतीय."
"थोरले गेले. कागद हाय काय?"
कागद नव्हता.

दुपारी जमादार सगळ्यांना घेऊन वखारीमागं आला.
मलाही बोलावणं. पेंटर म्हणजे तज्ज्ञ.
मगदूम पाटीकडं बोट करून म्हणाले,
"हे बघा. आंधळ्यालाबी दिसंल."
दस्तगीर पाटीजवळ गेला.
वाचत होता की नुसता बघत होता, कळेना.

त्याच्या गाडीच्या पाठीवर मीच लिहिलंय,
पोरगी झाली त्या वर्षी, पैसे न घेता:
सावकाश. शाहीन जागी असते.
तोच जा. तोच ग, पोटात थोडा फुगलेला,
माझ्या हाताची खोड.
इथं काना, तिथं वेलांटी, एवढाच फरक,
आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

त्यानं 'जागा'वर बोट ठेवलं.
बोट पांढरं झालं.
बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
काही बोलला नाही, बोट लुंगीला पुसलं.
त्याच्या अंगाला यार्डातली मिरची होती,
मला शिंक आली.

जमादार म्हणाला, "पाटी किती दिवसांची?"
मगदूम माझ्या आधी बोलले.
मी खिशातला बारीक ब्रश काढला,
डबीत बुडवला,
उजव्या कोपऱ्यात नाव टाकलं.
त्याखाली तारीख. आजची.

गाडी तिसऱ्या दिवशी सुटली, पैसे भरूनच.
मिरचीचा दर तोवर उतरलेला.
ते पैसे कुणी कुणाला परत द्यायचे
यावर अजून तारखा पडतात, चिकोडीला.
माझी अक्षरं मगदूमांच्या वहीत बाकी आहेत.
पाटी कुणी काढली नाही.
आता ती खरंच जुनी दिसायला लागली आहे,
तारखेसकट.