अकरावी गल्ली

राजारामपुरीची अकरावी गल्ली, आणि मीही अकरावीत.
आईला तो शकुन वाटला होता.

पहिल्या चाचणीत फिजिक्स पन्नासात नऊ.
केमिस्ट्री चौदा.
आणि जिच्या जिवावर मी डॉक्टर होणार होते
त्या बायोलॉजीत सतरा. शेजारी लाल पेनानं
नाईकनवरे मॅडमचा एकच शब्द: इंग्लिश?

हृदय मी बरोबर काढलं होतं.
चार कप्पे, झडपा, बाण कुठून कुठं.
नावं मात्र दहावीचीच हाताला आली,
कर्णिका, जवनिका.
मग घाबरून जवनिका खोडली
आणि तिथं काही लिहिलंच नाही.
पडदा पाडून बसले.

कार्ड तीन दिवस गव्हाच्या डब्यात.
चौथ्या दिवशी आईनं दळण काढलं.
शेजारचे चव्हाणकाका उंबऱ्यातनंच बोलले,
डीएड चांगलं असतंय पोरींना.

बाबा उद्यमनगरात लेथवर.
साबणानं घासलं तरी नखांत ऑइल उरायचं,
त्या बोटांनी कार्डाचा कोपरा धरला.
इंग्रजी येत नसलं तरी आकडे येतात माणसाला.
मला वाटलं, आता ऐकायला लागणार.
त्यांनी खिशातनं व्हर्नियर काढला,
जबडे मिटवले, बल्बखाली धरला.

"बघ. मधी काय हाय?"
काही नाही.
"आणि दाखवतोय किती?"
तीन रेघा पुढं.
"धा वर्सं असाच हाय. टाकून दिला न्हाई मी.
कितीनं खोटं बोलतोय त्ये ठावं असलं
की भागतंय."

मी हुंदक्यातच म्हटलं,
बाबा, हे फिजिक्सच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला असतं.
"मग नऊ कशे पडले?"
आधी आई हसली.
मग माझ्या नाकातनं काहीतरी हसूच निघालं.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिलं
मी कितीनं चुकते:
इंग्रजी. घाई.
उत्तर येत असताना मागच्या बाकाकडं बघणं.

शमशाद मुजावरनं साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले.
एका अंगाला जवनिका, दुसऱ्या अंगाला व्हेंट्रिकल.
केएमटीच्या स्टॉपवर, नळाला पाणी येईपर्यंत,
गिरणीच्या रांगेत. काही पुठ्ठ्यांना
अजून जोंधळ्याचं पीठ आहे.
तिचं इंग्रजी पक्कं, पण गणितं अडायची.
एका पावात दोघींचं भागलं.

मार्क काही धावत आले नाहीत.
दिवाळीआधी बावीस, मग परत एकोणीस.
त्या एकोणिसाला मी जेवले नाही.
बाबा म्हणाले, जेव, उपाशी लेथ चालत न्हाई,
लेथ तरी कुठं जेवते, मी म्हटलं,
आणि दोन भाकरी खाल्ल्या.

वार्षिकला एकतीस.
बारावी एकदा. बारावी परत एकदा,
त्या वर्षी शमशाद पुण्याला गेली
आणि पुठ्ठे माझ्याकडं ठेवून गेली.
त्या वर्षाबद्दल मी फार बोलत नाही.

काल सीपीआरच्या वॉर्डात, रात्री दोनला,
उचगावचे एक आजोबा उठून बसले होते.
मोठे डॉक्टर सकाळी भरभर सांगून गेले होते,
त्यांनी मान डोलवली होती, कळलं काहीच नव्हतं.
मी केसपेपरच्या मागं हृदय काढलं.
चार कप्पे. झडपा. बाण.
ही कर्णिका, म्हटलं, ही जवनिका,
आणि हे मधलं दार नीट मिटत नाही.

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.
"असं सांगा की मग."
थोड्या वेळानं, "आपण कुठल्या म्हणायच्या?"
राजारामपुरी.
"कितवी गल्ली?"
अकरावी, म्हटलं.