निळा बेडूक, परभणी

दुकानदार म्हणाला, काय बी खातंय, पोळी कुस्करून टाका.
गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर कंदकुर्ते हसले,
म्हशीचं काही असंल तर बोला.
मेहुणा दारातूनच ओरडला, विषारी हाय ते!

त्रेचाळीस अंश.
काचपेटीवर ओलं गोणपाट,
आत अंगठ्याएवढा निळा जीव,
गळा तेवढा हलतोय.

कृषी विद्यापीठात, कीटकशास्त्राच्या खोलीत
नुसरत मॅडम केळावरच्या चिलटांच्या बाटल्या
उन्हातून सरकवत होत्या.
"बेडकाचं मला ठाऊक नाही," म्हणाल्या.
"चिलटं कशी वाढवायची, ते दाखवते.
बाकीचं बघत जा, लिहीत जा."

आठ दिवसांत हे पहिलंच 'ठाऊक नाही'.
मी वही काढली.

पहिल्या पानावर तारीख,
खाली: सकाळी दोन चिलटं खाल्ली.
तिसरं सुटलं, स्वयंपाकघरात आहे.