दवंडी

ट्रापानीच्या मिठागरातला शेवटचा वाफा
सप्टेंबरात लाल होतो.
बाबा म्हणायचे, पाणी पिकलं.
फावड्यावर रेलून वाकायचे,
करंगळी बुडवून चाखायचे, थुंकायचे.
तो रंग जिवंत आहे हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले,
मग माझ्या जिभेवर किती मेले गं, एर्सिलिया?

खूप, बाबा.
तोंडातल्या अळणी ओलाव्यात फुटून जातात ते.
आपण फार तर खाल्ल्या मिठाला जागतो;
यांना मिठाबाहेर अंगच उरत नाही.

आज मी त्यांना उपाशी ठेवलंय.
रात्रीचा दीड. चंबू हलतोय,
आत गाजराच्या सुपासारखं काहीतरी.
एकच अमिनो आम्ल काढून घेतलं,
बाकी ताट होतं तसं.
दर पाच मिनिटांनी थोडं उपसते,
गोठवते, गाळते, मोजते:
नवा आरएनए किती विणला.
पाच मिनिटं: होता तेवढाच.
दहा: निम्मा.
वीस: जवळजवळ नाही.
विटाच नाहीत तर गवंडी कशाला वाढवायचे,
हे त्यांना कळलंय.

कसं कळलं?
आतड्यातल्या जंतूंत यासाठी एक रेणू असतो,
चिमुकला, दवंडी पिटणारा.
तोच इथे शोधतेय मार्चपासून.
फिल्म धुते, दिव्यासमोर धरते,
त्याच्या जागी नुसतं पांढरं.
तिसऱ्यांदाही पांढरं.
दवंडी नाही,
आणि गाव तर चिडीचूप.

शेजारच्या चंबूत पलीकडच्या वाफ्यातले,
यांचे चुलतभाऊच म्हणा,
रिकाम्या पोटी विणतायत, विणतायत.
वहीत त्यांच्यापुढे लिहिते: ढिले.
शब्द शास्त्रातलाच आहे,
तरी बाल्दास्सारे काका डोळ्यांसमोर येतो.

त्या साली पाऊस ऑगस्टातच आला.
ढिगांवर कौलं चढायच्या आत
अर्धं मीठ समुद्राला परत गेलं.
रात्री जेवताना कुणी अवाक्षर काढलं नाही.
आईने पास्ता वाढला, स्वतःला दोन घास कमी.
बाबांनी सिगारेट अर्ध्यावर विझवली,
कानामागे खोचली.
मी नऊ वर्षांची;
सहलीचा कागद दप्तरातून काढलाच नाही.
आणि काकाने त्याच आठवड्यात
बोटीला नवं इंजिन बसवलं,
सगळ्यांना बंदरावर बोलावून भोंगा वाजवून दाखवला.
बाबाही गेले होते. हसले सुद्धा.

चार वाजले.
काढून घेतलेलं आम्ल चंबूत परत घालते.
आता दहा मिनिटं.
मोजणीचं यंत्र टकटकतंय,
आकडा अजून यायचाय.
खिडकीखालून मिठाचा पहिला ट्रक गेला,
काच थरथरली.
भूक लागलीय. पिशवीतून पाव काढते,
अर्धा तोडते,
उरलेला फडक्यात गुंडाळून परत ठेवते.

घरी फडताळ भरलेलं आहे.