दुसरी बिजागरी

काल्लिओची चढण, चौथा मजला, लिफ्ट नाही.
एकोणीस चौरस मीटर, त्यात न्हाणीघरही आलं.
राइली हक्कराइनेन, तेहतीस वर्षं ट्राम चालवलेली,
दारातच म्हणाली, बूट काढ आणि मोज.

मोजलं.
खिडकीखालचा रेडिएटर वगळून,
जरा कललेली ती भिंत धरून.
जुन्या भिंती काटकोनात नसतात
हे कळायला माझी तीन कपाटं वाया गेली होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथं आधी पाय मोजायचे,
त्यांच्या मापानं अंथरूण घडवायचं,
मग ते भिंतीला उभं चिकटवून
दिवसभर वागायचं, जसं काही
या घरात कुणी झोपतच नाही.

पलंगाच्या पोटाला टेबल.
आरशामागं इस्त्रीची फळी.
उंबऱ्याशी बसायला पेटी, पेटीत लोकरीचे मोजे.
बर्चची प्लाय, कडा हातानं घासलेल्या.
सिंकवरचं भांडी निथळायचं कपाट तेवढं
तिनं हलवू दिलं नाही.
"ते आधीच लपलेलं आहे," म्हणाली.

मग: "अजून एक पलंग."
कुठे?
"सुतार तू आहेस."
कुणासाठी?
खाली वळणावर ट्राम कुरकुरली.
तिनं मान न वळवता ट्रामचा नंबर सांगितला.
मला उत्तर काही मिळालं नाही.

पुस्तकांच्या फळ्यांमागं बसवला तो, अरुंद,
वर्षातून दोनदा उघडेल अशा हिशेबानं.
म्हणून बिजागरीही हलकी लावली.
पैसे मात्र
दोन्हींचे सारखेच घेतले.

चार हिवाळ्यांनी फोन. पलंग करकरतो.
ग्रीसची डबी घेऊन चढलो,
थेट तिच्या पलंगाकडं गेलो. तो लोण्यासारखा उतरला.
"तो नाही," ती म्हणाली.

पुस्तकांमागची बिजागरी झिजून
चमच्यासारखी चकाकत होती. खिळा वाकलेला.
प्लायच्या कडेवर हात लागून लागून दोन डाग,
एक राइलीच्या खांद्याइतका,
दुसरा त्याहून वीतभर वर.
निथळायच्या कपाटातून
दोन ताटल्यांचं पाणी ठिबकत होतं.

मी विचारलं नाही.
जाड पोलादी बिजागरी बसवली, रंधा मारला,
डाग तेवढे राहू दिले.
"किती झाले?"
काही नाही. चूक माझी होती.
तिनं पाकीट मिटलं, कॉफी ओतली.

"आता आवाज येणार नाही ना?"
मुळीच नाही.
ती जरा वेळ दाराकडं बघत राहिली.
"थोडा राहू दे," म्हणाली,
"मला जाग यावी इतका."

मी शेवटचा स्क्रू
अर्धा फेरा सैल केला.