भाग दोन

पहिला भाग आमच्याकडे कधीच नव्हता.
अप्पांनी दिल्लीहून पोत्यात भरून आणलेल्या
बत्तीस कॅसेटींत हा दुसराच निघाला.
गिऱ्हाईक विचारायचं, पहले में क्या हुआ था?
अरू बेधडक सांगायचा, पती मर गया.
दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं मारायचा त्याला.

लष्करात, पाटणकर बाजारात,
शिंप्याच्या डोक्यावर दहा बाय आठची आमची लायब्ररी.
परत आलेल्या कॅसेटी तपासणं माझ्याकडे:
फीत चुरगळली का, बुरशी धरली का,
पहिल्यापर्यंत गुंडाळून आणली का.
नसली तर दंड, दोन रुपये.
मी एकोणीसची, बी.कॉम.चं दुसरं वर्ष.
अप्पांच्या लेखी तपासणं वेगळं आणि बघणं वेगळं.
आवाज बंद ठेवायचा, एवढीच अट.

म्हणून तो सिनेमा मी मुका पाहिला,
जानेवारीत, पायाशी शेगडी घेऊन,
खाली मशीन खडखडत असताना.
एक बाई. एक पलंग.
वारा नसून हलणारे पडदे.
एक माणूस, ज्याच्या मिशा
जिना चढेपर्यंत बारीक व्हायच्या.
आणि एक सुरी, जिनं कांदासुद्धा चिरला नसता.

चाळिसाव्या मिनिटाला बर्फ पडायचा.
फीत तिथं झिजलेली.
सगळं लष्कर तिथं थांबत होतं, मागे जात होतं, पुन्हा थांबत होतं,
इतकं, की बाई घासून घासून निघून गेली
आणि मागे राहिल्या पांढऱ्या रेघा.
त्या सुरू व्हायच्या आधी
क्षणभर तिचा दंड दिसायचा.
त्यावर काटा.
मी ग्वाल्हेरची. थंडीचा काटा मला कळतो.
कोपऱ्यात हीटरची वायर सुटलेली दिसे,
हीटर कॅमेऱ्याच्या बाजूला होता.

कोण कुठवर आलं ते मला आपोआप समजे.
बँकेतले भागवत, चाळीस.
होमिओपॅथीचे डॉक्टर सक्सेना, चाळीस.
ज्यांनी मला इयत्ता सातवीत भूमिती शिकवली, ते, एकेचाळीस.
मी न बघता दंड सांगायची,
ते न बघता सुटे मोजायचे.

एका मंगळवारी ती पोतनीसांच्या खात्यावरून परत आली.
वहिनी घेऊन आल्या, पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.
"ह्यांची आहे," म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्या.

मी लावली. बासष्टावर थांबलेली.

खून झालेला आहे. पोलीस अजून आले नाहीत.
बाई स्वयंपाकघरात, अंगात पुरुषी ढगळ स्वेटर,
ओट्यावर चढून बसलेली,
पातेल्यातलं काहीतरी गार हातानं खाते आहे.
घाई नाही. कुणी हाक मारत नाही.
अंगठा चाटते, त्याच्याकडे बघते, पुन्हा पातेल्यात घालते.
दोन मिनिटं चालतं हे.
लांबी कमी पडली असणार, म्हणून ठेवलेलं.
वर्षभर ही जागा मी पळवत होते.

मागे नेली. पाहिली. मागे नेली.
मग खाली मशीन थांबल्यावर अट मोडली, आवाज सोडला.
फ्रिजची गुणगुण होती,
आणि बोटं पातेल्याला लागत होती त्याचा आवाज.
बाकी घर रिकामं.

दंडाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

पंधरा दिवसांनी वहिनी पुन्हा वर आल्या.
"ह्यांना तीच हवी आहे," म्हणाल्या.
पोतनीस तेव्हा बदलीवर शिवपुरीला होते,
हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.
मी लिहिलं, खाते क्रमांक दोनशे बारा,
आणि कॅसेट वर्तमानपत्रात बांधून दिली.

होळीपर्यंत बासष्टाव्या मिनिटालाही
एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली.
अप्पांनी चष्मा वर केला.
इथं काय आहे? इथं कोण घासतंय?

गिऱ्हाइकं, म्हटलं,
आणि शेगडीतली राख खालीवर केली.